एकाच आकड्याचे भूकंप वेगवेगळे का हलवतात?

कंपनरेषा

मंडळी, भूकंप झाला की बातमीत एक आकडा येतो आणि पुढची सगळी चर्चा त्याच्याभोवती फिरते. सहा होता की सात? गेली काही वर्षं मी फावल्या वेळात जगभरच्या भूकंपमापन केंद्रांच्या खुल्या नोंदी उतरवून घेतो आणि बघत बसतो. त्यातून एक गोष्ट मनात पक्की बसली आहे. आकडा सारखा असला तरी दोन भूकंपांचं अक्षर सारखं नसतं. पृथ्वीच्या कवचाची एक प्लेट, म्हणजे मोठा सरकता तुकडा, दुसरीखाली घुसते तिथला भूकंप, खंडाच्या जुन्या थंड कवचातला भूकंप, समुद्रतळ फाकतो तिथला भूकंप, जमिनीखाली सहाशे किलोमीटरवरचा भूकंप, प्रत्येकाची लहर वेगळी निघते, वेगळ्या वाटेनं येते आणि वेगळ्या गोष्टी पाडते. यावर नीट बोलायचं म्हणून हा धागा काढतोय.

सुरुवात मेक्सिको सिटीपासून करतो, कारण या एकाच शहरानं एकाच तारखेला दोन अगदी वेगळे भूकंप पाहिले.

१९ सप्टेंबर १९८५. मिचोआकानच्या किनाऱ्याजवळ कोकोस प्लेट उत्तर अमेरिकन प्लेटखाली घुसते. तिथला दोन प्लेटांमधला सांधा सुटला. मॅग्निट्यूड ८.०. शहर तिथून साडेतीनशे किलोमीटरहून लांब. एवढ्या वाटेत बारीक, चटपटीत लहरी विरून गेल्या आणि लांब, संथ लहरी उरल्या. शहराचा मोठा भाग जुन्या तळ्याच्या चिकणमातीवर उभा आहे आणि त्या मातीचा स्वतःचा झोका बऱ्याच ठिकाणी साधारण दोन सेकंदांचा. झोपाळ्याला नेमक्या वेळी ढकललं की तो चढत जातो, तसं झालं. तळ्याच्या मातीवरच्या एका केंद्राचा त्या दिवसाचा आलेख पाहिला तर भूकंपाचा वाटतच नाही, कुणीतरी हातानं एकसारख्या लाटा काढल्यासारखा दिसतो. वर, खाली, वर, खाली, दर दोन सेकंदांनी, कितीतरी वेळ. काही किलोमीटरवरच्या कठीण खडकावर त्याच वेळी प्रवेग (हलण्याच्या जोराचं माप) तळ्यावरच्या जेमतेम एक पंचमांश होता. पडल्या त्या मुख्यतः सहा ते पंधरा मजल्यांच्या इमारती, म्हणजे ज्यांचा झोका मातीच्या झोक्याशी जुळला त्या.

१९ सप्टेंबर २०१७. मॅग्निट्यूड ७.१. ऊर्जेच्या हिशेबात १९८५ पेक्षा सुमारे २२ पट लहान. पण हा भूकंप सांध्यावर झालाच नाही. आधीच खाली गेलेल्या प्लेटच्या पोटात, सुमारे पन्नास किलोमीटर खोल, ती ताणली जाऊन फाटली. शहरापासून अंतर सुमारे १२० किलोमीटर. या वेळी लहरी आखूड होत्या, एक सेकंदाच्या आसपासच्या. कठीण खडकावरच्या नोंदीत २०१७ चा प्रवेग १९८५ पेक्षा *जास्त* भरला! आणि पडझडीचा पट्टाही सरकला. मातीचा थर जिथे पातळ होतो त्या कडेच्या भागात, तुलनेनं बुटक्या इमारतींना फटका बसला. १९८५ मध्ये टिकलेल्या कितीतरी इमारतींना २०१७ वेगळीच परीक्षा होती.

एकच शहर, तीच माती. बदलला तो भूकंपाचा जन्म आणि त्याची वाट.

---

अधीर_वाचक

सुंदर सुरुवात. पण मला एक शंका आहे. ८५ चा लांब होता, १७ चा जवळ. मग हा सगळा अंतराचाच खेळ म्हणायचा ना? जागेचा प्रकार मध्ये कुठे आला? (भूगोल दहावीनंतर सुटला आहे, सांभाळून घ्या.)

---

कंपनरेषा

शंका रास्त आहे. अंतराचा वाटा मोठा आहेच. पण अंतर किती महागात पडतं, हे पुन्हा वाटेतला खडक ठरवतो.

लहर खडकातून जाते तेव्हा प्रत्येक झोक्याला तिच्या ऊर्जेचा काही हिस्सा खडक खातो. समजा शंभर किलोमीटरचा प्रवास आहे. सेकंदाला दहा झोके घेणारी लहर तेवढ्या वाटेत शेकडो वेळा हलते आणि प्रत्येक वेळी थोडी झिजते. दोन सेकंदांना एक झोका घेणारी लहर त्याच वाटेत मोजक्या वेळा हलते. म्हणून लांबच्या भूकंपाचा आवाज नेहमी 'खर्जातला' वाटतो. हे सगळीकडेच होतं, फक्त खडकाची खाण्याची भूक सारखी नसते. गरम, भेगाळलेलं, पाणी मुरलेलं कवच भरपूर खातं. अब्जावधी वर्षं थंड पडलेलं, एकसंध कवच फार थोडं खातं.

याचं मला सगळ्यात पटलेलं उदाहरण अमेरिकेतलं आहे. २८ सप्टेंबर २००४ ला कॅलिफोर्नियात पार्कफील्डला मॅग्निट्यूड ६.० चा भूकंप झाला, सान अँड्रियास भ्रंशावर (भ्रंश म्हणजे जिच्या दोन बाजू एकमेकींवरून सरकतात अशी खडकातली भेग), म्हणजे दोन प्लेटांच्या सीमेवर. तो त्या राज्याच्या एका भागापुरता जाणवला. २३ ऑगस्ट २०११ ला पूर्वेकडे व्हर्जिनियात ५.८ चा झाला, कुठल्याही प्लेटसीमेपासून दूर. तो दक्षिणेकडे जॉर्जियापासून उत्तरेला कॅनडापर्यंत जाणवला आणि सव्वाशे-दीडशे किलोमीटरवरच्या वॉशिंग्टन स्मारकाच्या दगडांना तडे गेले. आकडा लहान, पोच कितीतरी मोठी. पूर्वेकडचं कवच जुनं आणि थंड आहे, लहर त्यातून घंटेच्या नादासारखी जाते. पश्चिमेकडचं कवच चुरलेलं आहे, तिथे तोच नाद गोधडीत गुंडाळल्यासारखा दबतो.

---

बेसाल्ट

धागा अगदी मनाजोगा. खंडाच्या पोटातल्या भूकंपांबद्दल माझी भर.

भारताचा दक्षिण भाग हा तसाच जुना, थंड तुकडा. पण 'प्लेटच्या आतला भूकंप' ही एकच जात धरली तर चूक होते. चार भूकंप शेजारी ठेवून बघा.

कोयना, ११ डिसेंबर १९६७. मोठ्या जलाशयाशी जोडला गेलेला, उथळ. धरणाच्या आत बसवलेल्या यंत्रानं धक्का टिपला आणि तो आलेख पुढे जगभरच्या धरण-अभियंत्यांनी काँक्रीटच्या धरणांच्या आकडेमोडीत वापरला. त्याच्याकडे नुसतं बघितलं तरी कळतं. उभ्या-आडव्या रेघांची दाटी, जोराचं हलणं काही सेकंदांत आटोपतं. मेक्सिकोच्या तळ्यावरच्या लांबलचक लाटांशी त्याचं काही नातं दिसत नाही.

किल्लारी, ३० सप्टेंबर १९९३. मॅग्निट्यूड ६.२, उथळ, इतका की फुटलेली भेग जमिनीवर येऊन थांबली. जवळपास दहा हजार माणसं गेली. भूकंप उथळ असला की लहरींना विरायला वाटच मिळत नाही. बारीक, तीक्ष्ण हादरे सरळ घराच्या पायापर्यंत येतात, आणि दगड-मातीच्या जाड बुटक्या भिंतींना नेमके तेच हादरे सोसत नाहीत. अशा घराचा स्वतःचा झोका सेकंदाच्या एखाददुसऱ्या दशांशाचा असतो.

जबलपूर, २२ मे १९९७. ५.८, पण केंद्र सुमारे पस्तीस किलोमीटर खोल, कवचाच्या तळाशी. नर्मदा-सोनचा पट्टा म्हणजे फार जुनी फाकलेली शिवण. एवढ्या खाली खडक मऊ पडायला हवा, तरी तिथे तो कडक राहून फुटतो.

आणि भुज, २६ जानेवारी २००१. ७.७. भेग जमिनीवर आलीच नाही, सगळा खेळ खाली झाला. तरी दोनशे किलोमीटरहून लांब अहमदाबादेत बहुमजली इमारती कोसळल्या. लांबवर पोचणारं कवच, आणि नदीकाठच्या गाळावर उभं असलेलं शहर.

चारही प्लेटच्या आतले. खोली निराळी, म्हणून लहरही निराळी.

---

सहावा_मजला

माझा प्रश्न खोलीबद्दलच आहे. २६ ऑक्टोबर २०१५ ला हिंदुकुशात ७.५ चा भूकंप झाला, तेव्हा दिल्लीत उंच इमारतींत लोक घाबरून खाली धावले. केंद्र तर हजारभर किलोमीटर दूर. आणि तळमजल्यावरच्या बऱ्याच जणांना कळलंसुद्धा नाही. एवढ्या दुरून आलेला धक्का वरच्या मजल्यालाच का निवडतो?

---

कंपनरेषा

@सहावा_मजला, हिंदुकुशातले मोठे भूकंप बहुतेक दोनशे किलोमीटरच्या आसपास खोल होतात. २०१५ चाही तसाच. तिथे खाली गेलेला प्लेटचा तुकडा जवळजवळ उभा लोंबतोय. लांबच्या वाटेनं बारीक लहरी गाळून टाकल्या, संथ लहरी उरल्या, आणि संथ झोका उंच इमारतीलाच ओळखतो. ढोबळ हिशेब असा की जितके मजले, त्याच्या साधारण दहाव्या भागाइतके सेकंद इमारतीचा झोका. वीस मजली इमारतीचा दोन सेकंद. तळमजल्यावरचा माणूस जमिनीबरोबर इतक्या हळू सरकतो की त्याला ते कळत नाही.

खोल भूकंपांवर मात्र मला मनापासून सविस्तर लिहायचंय. मी पाहिलेला सगळ्यात नितळ आलेख एका खोल भूकंपाचाच आहे.

२४ मे २०१३, ओखोत्स्क समुद्राखाली, मॅग्निट्यूड ८.३, खोली सुमारे ६०९ किलोमीटर. हजारो किलोमीटर दूरच्या कुठल्याही चांगल्या केंद्राची नोंद उघडा. पी लहर, म्हणजे सगळ्यात आधी पोचणारी, येते ती सुरी फिरवल्यासारखी. आधी सपाट रेघ, आणि एका क्षणात उंच टोक. उथळ भूकंपात पी लहर बहुधा कुरकुरत, घुटमळत सुरू होते, कारण वरच्या भेगाळ थरांत ती शंभर ठिकाणी आपटून विस्कटते. इथे ती स्वच्छ. मग साधारण दोन मिनिटं गेली की तसंच दुसरं टोक येतं. ही लहर आधी सरळ वर गेली, जमिनीच्या पाठीवर आपटली आणि उलटून खाली येऊन तुमच्याकडे निघाली. पहिल्या आणि दुसऱ्या टोकातलं अंतर मोजलं की भूकंप किती खोल होता ते कळतं. मी ते पहिल्यांदा स्वतः मोजलं, उत्तर सहाशेच्या घरात आलं, आणि पडद्यासमोर किती वेळ तसाच बसून राहिलो.

नंतर एस लहर, पीपेक्षा हळू चालणारी. आणि मग जे यायला हवं ते येतच नाही. उथळ भूकंपाच्या आलेखात शेवटी सगळ्यात मोठ्या, रुंद, डोलणाऱ्या पृष्ठलहरी (जमिनीच्या पाठीवरून जाणाऱ्या) येतात, साऱ्या नोंदीवर त्यांचंच राज्य असतं. सहाशे किलोमीटर खोलवरून पृष्ठभागाला झोका देणं फार अवघड असतं, म्हणून तिथे शेपटी जवळजवळ नसतेच. हा भूकंप मॉस्कोपर्यंत जाणवला. ९ जून १९९४ चा बोलिव्हियाचा ८.२ चा भूकंपही असाच खोल होता, सुमारे ६३० किलोमीटर, आणि तो उत्तर अमेरिकेत लोकांना जाणवला. एवढ्या आकड्यांच्या मानाने दोन्हींत पडझड नगण्य.

जपानमध्ये यातली आणखी एक नवलाची गोष्ट दिसते. जपानच्या समुद्राखाली खोलवर भूकंप झाला की त्याच्या डोक्यावरच्या पश्चिम किनाऱ्याला फारसं काही जाणवत नाही आणि लांबच्या प्रशांत महासागराकडच्या पूर्व किनाऱ्याला जास्त हलतं. कारण पूर्वेकडून तिरकी खाली गेलेली प्लेट थंड आणि कडक आहे. लहर तिच्या अंगातूनच, नळीतून बोलल्यासारखी, पूर्व किनाऱ्याला पोचते. सरळ वर जायचं तर वाटेत ज्वालामुखींखालचं गरम प्रावरण (कवचाखालचा खडकाचा थर) लागतं आणि ते लहर गिळून टाकतं. असे भूकंप वरच्या खडकात होत नाहीत, खूप खोल होतात, हे भूकंपशास्त्रज्ञ कियो वादाती यांनी १९२८ मध्ये जपानच्या नोंदींवरूनच दाखवलं. ३० मे २०१५ ला ओगासावारा बेटांजवळ सुमारे ६८० किलोमीटरवर मोठा भूकंप झाला, तो जपानच्या सगळ्या ४७ प्रांतांत जाणवला.

---

दर्यावर्दी

समुद्रतळाचीही थोडी बाजू मांडतो.

मध्य-महासागरी रांगांवर समुद्रतळ फाकतो, खालून तप्त खडक वर येतो. कडक, फुटू शकणारा थर तिथे पातळ असतो, म्हणून भूकंप उथळ आणि बहुतेक लहान. मोठे होतात ते रांगेच्या तुकड्यांना जोडणाऱ्या आडव्या भ्रंशांवर. २९ ऑगस्ट २०१६ चा अटलांटिकमधल्या रोमांश भ्रंशावरचा ७.१ चा भूकंप तर विलक्षण होता. फूट, म्हणजे भेग उघडत जाण्याची क्रिया, आधी पूर्वेकडे गेली, मग उलट फिरून पश्चिमेकडे एस लहरीपेक्षा वेगानं धावत आली.

समुद्रातल्या भूकंपाचा एक वेगळा निरोप पाण्यातून येतो. समुद्राच्या मधल्या थरात आवाज अडकून राहतो आणि सेकंदाला सुमारे दीड किलोमीटर वेगानं हजारो किलोमीटर जातो. पी आणि एस येऊन गेल्यावर, बऱ्याच उशिरा, तो बेटावरच्या केंद्रात एखाद्या लांब कुजबुजीसारखा उमटतो.

आणि वाटेची सही. खंडाच्या कवचात पृष्ठभाग आणि तळ यांच्यामध्ये उसळ्या घेत जाणारी एक लहर असते, तिला एलजी म्हणतात. प्रेस आणि युइंग या शास्त्रज्ञांनी १९५२ मध्ये तिची ओळख पटवली. व्हर्जिनियाचा भूकंप एवढ्या लांबवर जाणवला त्यात तिचा मोठा हात. पण वाटेत शंभरेक किलोमीटर जरी समुद्री कवच आलं तरी ती जवळजवळ नाहीशी होते. खंडाचं कवच पस्तीस-चाळीस किलोमीटर जाड, समुद्राचं जेमतेम सात. तिला उसळायला जागाच उरत नाही. म्हणजे आलेखात एलजी दिसली का नाही, एवढ्यावरून मधे समुद्र होता का ते सांगता येतं.

---

निळाई

मला एका भूकंपप्रकाराबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही. वर सगळे 'जोरात हलवणाऱ्या' लहरींबद्दल बोलतायत. सगळ्यात घातक भूकंपांतले काही अगदी हलकेच हलवतात.

सबडक्शनच्या, म्हणजे एक प्लेट दुसरीखाली घुसते तिथल्या, सांध्याचा अगदी वरचा, समुद्रतळावरच्या खंदकाजवळचा भाग मऊ गाळानं भरलेला असतो. तिथे फूट पडली तर ती हळू सरकते, सेकंदाला किलोमीटरभर. नेहमीच्या भूकंपात हा वेग अडीच-तीन किलोमीटर असतो. हळू फुटणाऱ्या भूकंपातून माणसाला जाणवतील अशा बारीक लहरी फार कमी निघतात. घर जेमतेम डुलतं. पण समुद्राचा तळ तेवढाच उचलला जातो, आणि पाण्याला फूट हळू होती की जलद याच्याशी काही देणंघेणं नसतं.

१८९६ मध्ये जपानच्या सानरिकू किनाऱ्यावर असंच झालं. धक्का इतका मवाळ की लोक घाबरले नाहीत. त्यानंतर साधारण अर्ध्या तासानं लाट आली. बावीस हजारांच्या आसपास माणसं गेली. २ सप्टेंबर १९९२ ला निकाराग्वात पुन्हा तेच. वीस सेकंदांच्या लहरींवरून काढलेला आकडा ७.२ आला आणि फार संथ लहरींवरून काढलेला खरा आकडा ७.६ च्या वर. १७ जुलै २००६ ला जावाच्या दक्षिण किनाऱ्यावरही तसंच. भूकंपशास्त्रज्ञ हिरो कानामोरी यांनी १९७२ मध्ये अशा भूकंपांना 'त्सुनामी भूकंप' हे नाव दिलं.

'जोरात हललं तरच पळा' हा सल्ला या किनाऱ्यांवर अपुरा आहे. हळू का होईना, पण *खूप वेळ* हललं तर उंचावर जा. मला हे प्रत्येक किनाऱ्यावरच्या शाळेत शिकवलेलं हवंय.

---

संरचना

इमारतींची आकडेमोड करते, म्हणून माझ्या टेबलावरून हे कसं दिसतं ते लिहिते.

एखाद्या जागी जमीन किती हलेल याचा अंदाज काढायची समीकरणं आम्ही वापरतो. त्यांचे संच मुळातच वेगळे असतात. सबडक्शनच्या सांध्यासाठी एक, खाली गेलेल्या प्लेटच्या आतल्या भूकंपांसाठी दुसरा, सक्रिय प्रदेशातल्या उथळ भूकंपांसाठी तिसरा आणि स्थिर खंडांसाठी चौथा. चुकीचा संच उचलला तर उत्तर दुपटीनं चुकू शकतं.

भ्रंशाचा प्रकारही त्यात मोजतात. ताणामुळे खचणाऱ्या भ्रंशापेक्षा दाबामुळे वर चढणाऱ्या भ्रंशाजवळ सरासरी जास्त हलतं. त्यातही वर चढलेल्या बाजूला जास्त, कारण तिथे तुम्ही अक्षरशः भ्रंशाच्या पाठीवर बसलेले असता. २१ सप्टेंबर १९९९ च्या तैवानमधल्या ची-ची भूकंपात उत्तर टोकाला जमीन सात-आठ मीटर उचलली गेली, आणि वर आलेल्या बाजूचं नुकसान पलीकडच्या बाजूपेक्षा ठळकपणे जास्त होतं.

---

तळकोपरा

चर्चा छान चाललीय, पण एक सावधगिरी. 'अमुक जागा म्हणजे अमुक लहर' असं फार घट्ट बांधू नका.

प्लेटच्या आतल्या भूकंपात खडक जास्त ताण एकदम सोडतो, म्हणून बारीक लहरी जास्त निघतात, असं सांगितलं जातं. सरासरीत तसा फरक दिसतो. पण एकाच जागेतल्या दोन भूकंपांत याहून मोठा फरक पडतो. सरासरी दोनपट वेगळी असेल, तर एकाच गटातले भूकंप आपसांत दहापट वेगळे निघतात.

आणि नेपाळचा २५ एप्रिल २०१५ चा भूकंप आठवा. मॅग्निट्यूड ७.८, हिमालयाखालचा, काठमांडूच्या जवळजवळ खालूनच फूट पूर्वेकडे गेली. इतक्या जवळ, इतका मोठा, म्हणून बुटकी घरं सरसकट जमीनदोस्त होतील अशी भीती होती. प्रत्यक्षात काठमांडूत बारीक लहरी अपेक्षेपेक्षा कमी निघाल्या. घसरण संथ, गोलसर अशा एकाच धक्क्यानं झाली, आणि खोऱ्यातला गाळ चार-पाच सेकंदांच्या झोक्यानं डुलला. शहरातली बरीच बुटकी घरं उभी राहिली आणि धरहरा मनोरा कोसळला. डोंगरातल्या गावांचे मात्र भयंकर हाल झाले. हे कुठल्याही 'जागेच्या सरासरी'त आधी लिहिलेलं नव्हतं.

---

कंपनरेषा

@तळकोपरा, तुमचं म्हणणं मान्य. माझ्या पहिल्या पोस्टमधलं 'अक्षर' थोडं सैल घ्यायला हवं. एकाच शाळेतल्या मुलांचं वळण सारखं असतं, अक्षर प्रत्येकाचं आपलं. नेपाळचं उदाहरण मीच आधी द्यायला हवं होतं.

याला जोडून ११ मार्च २०११ चा तोहोकूचा भूकंप. एकाच भूकंपात दोन वळणं दिसली. खंदकाजवळ प्लेट पन्नास मीटरच्या आसपास सरकली, त्यातून संथ लहरी आणि त्सुनामी. किनाऱ्याकडच्या खोल टोकाला घसरण तुलनेनं कमी, पण जमिनीवर जाणवलेले बारीक, तीक्ष्ण हादरे मुख्यतः तिथून आले. आणि म्हणूनच पहिल्या काही मिनिटांत जपानमध्ये जाहीर झालेला आकडा ७.९ होता, अखेरचा ९.०. भूकंपाचा मोठेपणा ज्या संथ लहरींत होता, त्या मोजून व्हायच्या होत्या. २६ डिसेंबर २००४ च्या सुमात्रातही हेच झालं. तेराशे किलोमीटरची फूट पूर्ण व्हायला आठ-दहा मिनिटं लागली, आणि पहिला अंदाज आठच्या आसपास होता.

दोन प्लेटा एकमेकींना घासून आडव्या सरकतात ते भ्रंश राहिले. तिथे *दिशा* सगळ्यात महत्त्वाची. फूट तुमच्याकडे धावत येत असेल तर लहरी एकमेकींवर चढून एकच जाडजूड धक्का बनतो, मागे राहिलेल्याला मात्र लांबट, विरळ हलणं मिळतं. शिट्टी वाजवत येणारी आणि जाणारी गाडी आठवा. १७ जानेवारी १९९५ ला कोबेत शहरावर असा एक-दोन सेकंदांचा धक्का येऊन आदळला. काही सरळसोट भ्रंशांवर फूट एस लहरीच्याही पुढे धावते, मग विमानाच्या ध्वनिधक्क्यासारखा पाचरीचा आकार तयार होतो. २००१ मध्ये कुनलुन, २००२ मध्ये अलास्कातला डेनाली, २८ सप्टेंबर २०१८ ला पालू. पालूत फुटीचा वेग सेकंदाला चार किलोमीटरच्या वर होता.

---

अधीर_वाचक

आता मला स्वतः बघायचंय. कुठून सुरू करू? एवढं सगळं एकदम दिसणार नाही हे माहीत आहे.

---

कंपनरेषा

एकच केंद्र निवडा, दोन भूकंप घ्या. पहिला ११ एप्रिल २०१२, हिंद महासागर, ८.६, उथळ, आडवा सरकलेला. दुसरा २४ मे २०१३, ओखोत्स्क. दोन्ही आलेख एकाखाली एक ठेवा, वेळेचं माप सारखं ठेवा. पहिली पंचेचाळीस मिनिटं बघा. आकडे वाचू नका, आधी नुसता आकार बघा. आडव्या हालचालीचे भाग मिळाले तर तेही घ्या.

---

अधीर_वाचक

बघितलं. चार दिवस लागले, पण बघितलं.

२०१२ चा: सुरुवात बारीक, मग एस मोठी, आणि त्यानंतर आडव्या भागात प्रचंड रुंद लाटा. त्या मावेपर्यंत पान लहान करावं लागलं, तेव्हा सुरुवातीची पी लहर दिसेनाशी झाली.

२०१३ चा: उलटंच. पहिलंच टोक ठसठशीत. पुढे एस. शेवटी कशाची तरी वाट बघत राहिलो, काही आलं नाही.

एक विचारायचं होतं. पहिल्या टोकानंतर एक मिनिट बावन्न सेकंदांनी तसंच आणखी एक टोक आहे, थोडं बुटकं. आधी वाटलं पश्चात धक्का असेल. पण तुम्ही वर लिहिलंय ते हेच का?

---

कंपनरेषा

हेच. ती लहर आधी सहाशे किलोमीटर वर गेली, समुद्राच्या तळाशी आपटली आणि मग तुमच्या केंद्राकडे आली. तिच्या अगदी मागे, काही सेकंदांनी, एक बारीकशी जोडी दिसतेय का बघा. वर पाण्याचा थर असेल तर तीच लहर पाणी ओलांडून पाण्याच्या पाठीवरूनही परत येते.